कळवळा आला, आता पुढे काय? दुःखितांच्या सेवेची पायरीपायरीने मांडणी

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला येशूचा दाखला आपल्याला पाठ असतो. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस रस्त्यावर पडला होता. याजक निघून गेला, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक निघून गेला, यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी थांबला. उपदेश बहुधा इथेच संपतो, पण दाखला पुढे चालूच राहतो आणि पुढचा भाग अगदी व्यवहाराचा आहे. शोमरोन्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि तिथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. 'याहून जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन,' असं सांगून तो आपल्या वाटेला लागला. प्रथमोपचार, वाहन, पैशांची सोय, दुसऱ्यावर काम सोपवणं आणि परत येण्याचा शब्द, सगळं यात आलं. शिवाय त्याने स्वतःचा प्रवासही सोडून दिला नाही.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसाबद्दल आहे. कळवळा येतो तो आपोआप. तो महिनाभर, वर्षभर टिकवायचा तर एक वही लागते, वार ठरवावे लागतात आणि चार भरवशाची माणसं लागतात. भक्तिभावाच्या बोलण्यात हे कोरडं वाटेल, पण बहुतेक मंडळ्यांतली, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांतली, सेवा भक्तीअभावी बंद पडत नाही. पुढच्या मंगळवारी कोण जाणार हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून बंद पडते.

१. कोण सुटलंय ते शोधा

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय या कामाचं पहिलं पाठ्यपुस्तक आहे. यरुशलेममधल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं निवडून घ्यायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव ही सगळी नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या घरची माणसं सुटत होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप गेलं. मदतीचं काम करणाऱ्या गटात मदत घेतलेली माणसं हवीत, हे मला त्या यादीतून सगळ्यात आधी दिसतं.

तेव्हा पहिलं काम यादीचं. दोघं-तिघं बसा आणि आठवा: पूर्वी दर रविवारी यायचे आणि आता दिसत नाहीत असे कोण? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल एकट्याने कोण करतंय? कुणाची नोकरी गेली? कुणाच्या घरातलं माणूस तुरुंगात आहे? कुणाचं मूल अपंग असल्यामुळे ते कुटुंब कुठेच जात नाही? मंडळीच्या बाहेरचेही धरा: शेजारी, कामाच्या ठिकाणचे, रोज दिसणारे पण नाव माहीत नसलेले. शोमरोन्याने जखमीचा धर्म विचारल्याचं दाखल्यात कुठे नाही.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. शस्त्रक्रिया झाली की घरात माणसांची रीघ लागते. नैराश्य, व्यसन, मोडलेलं लग्न, गर्भपात झालेली बाई यांच्या दारात कुणी जात नाही, कारण काय बोलावं ते सुचत नाही. यादीत ही नावं वर ठेवा.

आणि ही यादी व्यासपीठावरून वाचायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायची नाही. 'प्रार्थनेसाठी सांगतोय' या दोन शब्दांखाली जितकी चुगली खपते तितकी दुसऱ्या कशाखाली खपत नसेल. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा: हे कुणाकुणाला सांगू? कितपत सांगू?

२. पहिली भेट: जा, बसा, ऐका

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांची आपण थट्टा करतो, पण त्यांनी सुरुवातीला केलं ते आपल्यातल्या किती जणांना जमेल? ते लांबून आले, मोठ्याने रडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं. बिघडलं ते बोलायला तोंड उघडल्यावर. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडायला निघालेल्या या मित्रांवर.

तेव्हा पहिल्या भेटीत एवढं पाळा.

आधी फोन करून विचारा आणि 'नको' म्हणायला जागा ठेवा: 'उद्या संध्याकाळी वीस मिनिटं येऊ का? जमत नसेल तर परवा येतो.' गेल्यावर उभं राहू नका, खाटेच्या काठावरही बसू नका. खुर्ची ओढून अशी बसा की आजारी माणसाला मान वर न करता तुमचा चेहरा दिसेल. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा, मांडीवर नको. आजाराचं नाव, रिपोर्ट, बिलाचा आकडा तुम्ही विचारायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला 'ठीक' हेच उत्तर येतं. 'काल रात्र कशी गेली?' असं विचारलं तर खरं काहीतरी बाहेर येतं. मग गप्प राहा. समोरचा थांबला की लगेच बोलू नका, मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पुष्कळदा खरं दुखणं त्या दहा अंकांनंतर येतं.

वीस मिनिटं म्हणालात तर वीस मिनिटांनी उठा. आजारी माणूस पाहुण्यासमोर बरं असल्याचं सोंग आणतो आणि त्यातच थकतो.

आता न बोलायच्या गोष्टी. 'देवाची इच्छा होती.' 'यातून तुला काहीतरी शिकवायचं असेल.' 'तुझा विश्वास कमी पडला.' 'निदान दुसरं मूल तरी आहे.' 'देव सोसवेल तेवढंच देतो.' या शेवटच्या वाक्याला लोक प्रेषित पौलाच्या पत्रांचा आधार देतात, पण करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं ते वचन मोहात पडून पाप करण्याच्या संदर्भात आलंय. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तोच पौल लिहितो की आमच्यावर शक्तीबाहेर भार पडला, जगण्याचीसुद्धा आशा सुटली. पौलाला शक्तीबाहेरचं ओझं आलं, तर तुमच्या शेजारणीला आलं म्हणून तिचा विश्वास कमी ठरत नाही.

मग बोलायचं काय? 'मला काय बोलावं कळत नाहीये, पण मी आलोय.' 'हे फार कठीण आहे.' गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण. एवढं पुरतं. मेलेल्या लाजराला आता उठवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणीचं, मरीयेचं, रडणं पाहून रडला. उत्तर हातात असूनही त्याने रडणं वगळलं नाही.

प्रार्थना? विचारून करा. 'प्रार्थना करू का, की आज नको?' हो म्हणाले तर अर्ध्या मिनिटाची पुरे, त्यांनी आत्ता सांगितलेल्याच गोष्टींची. प्रार्थनेच्या आडून त्यांना चार उपदेश ऐकवायचे नाहीत. देवाशी बोलायचं तर देवाशीच बोला. आणि बरं होण्याचं वचन देवाच्या वतीने देऊ नका. औषध बंद करायचा सल्ला तर कुणीही, कोणत्याही आध्यात्मिक अधिकाराने, कधीही द्यायचा नाही.

३. काय हवंय ते त्यांनाच विचारा

बार्तीमय आंधळा आहे हे गर्दीतल्या सगळ्यांना दिसत होतं. तरी येशूने विचारलं, 'मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?' गरज डोळ्यांसमोर असतानाही त्याने ती त्या माणसाच्या तोंडून ऐकली. आपण उलट करतो. आपल्याकडे जे जादा असतं ते आपण त्यांची गरज म्हणून ठरवून टाकतो.

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य मात्र सोडून द्या. त्यात सगळा भार दुःखितावर पडतो: त्याने गरज ओळखायची, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, संकोच गिळायचा आणि फोन करायचा. त्याऐवजी निवडायला सोप्या दोन-तीन गोष्टी समोर ठेवा. 'गुरुवारी मी दवाखान्यात सोबत येऊ शकते, किंवा मुलांना शाळेतून आणू शकते. कशाने जास्त बरं पडेल?' दोन्ही नको म्हणाले तरी चालेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन गोष्टी ठेवा.

आधी शरीराचं बघा. संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला शिकवण दिली नाही. भाकर आणि पाणी ठेवलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला लावलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर झालं. याकोब आपल्या पत्रात हेच कडक शब्दांत विचारतो: उघड्या, उपाशी भावाला 'ऊब घे, पोटभर खा' असं नुसतं म्हणून काय उपयोग?

शरीराचं म्हणजे नुसतं जेवण नव्हे. औषधांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावणं, सरकारी अर्ज भरून देणं, रांगेत उभं राहणं, डॉक्टर बोलत असताना शेजारी बसून टिपून घेणं. हे शेवटचं काम फार मोलाचं आहे, कारण वाईट बातमी ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढची दहा वाक्यं शिरतच नाहीत.

आणि देखभाल करणारी व्यक्ती. सगळे रुग्णाला भेटायला येतात. रात्री तीनदा उठणाऱ्या बायकोला, मुलाला, सुनेला कुणी विचारत नाही. तिला एक अख्खी रात्र झोपू देणं ही तुमच्या गटाने देऊ शकण्यासारखी सगळ्यात मोठी भेट आहे, असं माझं ठाम मत आहे.

४. पैशांची बाब

'उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका' या वचनाचा आधार घेऊन हिशोब न ठेवणारे भेटतात. येशूचं ते बोलणं दिखाव्याविरुद्ध आहे, हिशोबाविरुद्ध नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत पोचवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळीतले आणखी दोन भाऊ पाठवले आणि कारण लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष देऊ नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही बघतो.

वही अशी ठेवा: तारीख, क्रमांक, कारण, रक्कम, देणाऱ्या दोघांच्या सह्या. घेणाऱ्याचं नाव या वहीत नको. क्रमांक कुणाचा, ते वेगळ्या कागदावर, फक्त दोघांकडे. एका माणसाने एकट्याने कधीच पैसे द्यायचे नाहीत, मग तो पाळक असो की खजिनदार. एका घराला एका वेळी जास्तीत जास्त किती द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा. समोर रडणारं माणूस असताना आकडा ठरवता येत नाही.

रोख द्यावी की बिल परस्पर भरावं? माझा कल रोखीकडे आहे. आपल्या घरात आधी काय लागतं हे त्या बाईला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. व्यसनाचा प्रश्न असेल किंवा घरातला दुसरा कुणी पैसे हिसकावत असेल तर मात्र बिल, भाडं, फी थेट भरा. उसने देऊ नका. उसन्याने पैसे तर जातातच, माणूसही तुम्हाला टाळायला लागतो. जमेल तेवढं द्या आणि विसरा.

देण्याची रीत बायबलमधल्या बवाज या शेतमालकाकडून शिकावी. गरीब विधवा रूथ त्याच्या शेतात धान्य वेचत होती, तेव्हा त्याने गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. तिला मदत मिळाली, पण ती घरी गेली ती स्वतः वेचलेलं धान्य घेऊन. म्हणून फोटो नकोत, रांगा नकोत, पाकीट हातात देताना भाषण नको. आणि फाटके कपडे, मुदत संपत आलेली औषधं 'गरिबांसाठी' आणून ठेवणाऱ्यांनी बायबलमधल्या मलाखी या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचावा. वेदीवर आंधळं-लंगडं जनावर आणणाऱ्यांना देव तिथे विचारतो, हे तुझ्या सुभेदाराला नेऊन देशील का?

मदतीला अट लावू नका. उपासनेला यायची, बाप्तिस्म्याची, साक्ष द्यायची, कसलीच नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे, असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचा रोग त्यांना परत दिला नाही. तुमच्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर मोकळेपणी सांगा. अन्नाच्या पिशवीत पत्रक सरकवणं वेगळं. उपाशी माणसाला 'नको' म्हणायची मोकळीक नसते.

५. वार, तारखा, माणसं

सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. मरणपंथाला लागलेल्यांचं दुखणं शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असं एकत्रच असतं, हा त्यांचा आग्रह होता. त्यामागे त्यांची ख्रिस्ती श्रद्धा होती. त्यांची एक पद्धत आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते. वेदना उसळून रुग्णाने विनवणी करेपर्यंत थांबायचं नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतराने औषध द्यायचं. वेदना परत येणार या धास्तीतून त्यामुळे रुग्ण सुटतो.

सोबतीचंही तसंच. दर मंगळवारी चार वाजता कुणीतरी येतंच, हे माहीत असलं की सोमवारची रात्र जरा सोपी जाते. 'वेळ मिळाला की येतो' म्हणणारे दहा जण असण्यापेक्षा वार धरून येणारे दोघं बरे.

एका घराला चार माणसं असावीत, त्यातला एक समन्वयक. घरच्यांनी फोन करायचा तो त्या एकालाच. चौघांनी चार वेगवेगळे सल्ले द्यायचे नाहीत. सहा आठवड्यांचा तक्ता करा, सहाव्या आठवड्यात पुन्हा बसा. कुणाला थांबायचं असेल तर तेव्हा अपराधी न वाटता थांबता यावं. दिवसभर एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सांगितलं होतं की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही.

मृत्यूनंतरचा तक्ता वेगळा. पहिले दोन आठवडे घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात कुणी नसतं, आणि खरी गरज तेव्हा असते. वहीत तारखा लिहून ठेवा: तिसरा महिना, सहावा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षश्राद्ध म्हणा किंवा स्मरणदिन. त्या दिवशी दोन ओळींचा संदेश: 'आज त्यांची आठवण येत असेल. उत्तर द्यायची गरज नाही.'

६. जिथे कळवळा पुरत नाही

काही वेळा तुमचं काम इतकंच असतं की जाणकारांपर्यंत पोचवायचं आणि सोबत राहायचं.

कुणी 'आता जगण्यात अर्थ नाही' म्हणालं तर विषय बदलू नका, वचनही म्हणू नका. सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?' विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटं सोडू नका, जवळचं विष, गोळ्या, दोर दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत किंवा आपत्कालीन मदतीपर्यंत न्या. 'कुणाला सांगू नकोस' हा शब्द आधीच देऊन बसू नका. जिवाच्या प्रश्नात तो पाळता येत नाही.

मार खाणारी बाई तुमच्याकडे आली तर तिला 'क्षमा कर, सहन कर' सांगून परत पाठवू नका. क्षमेची घाई करायचा अधिकार मार न खाणाऱ्याला नाही. नवरा-बायकोला एकत्र बसवून समजूत घालण्याचा प्रयोगही नको; तिथे ती बोलली तर त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. घर सोडण्याचा काळ पुष्कळदा सगळ्यात धोक्याचा असतो, म्हणून तो निर्णय आणि वेळ तिची, तयारी तुमची: कागदपत्रांच्या प्रती, सुरक्षित जागा, वकील, अशा प्रकरणांत काम करणारी संस्था.

मुलांच्या बाबतीत दोन नियम. मुलाबरोबर एक मोठा माणूस बंद दाराआड एकटा राहणार नाही. आणि मुलाने अत्याचाराचं काही सांगितलं तर मंडळीने आपापसात चौकशी करायची नाही, कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवायचं. आरोप कितीही आदरणीय माणसावर असला तरी. मंडळीचं नाव राखायला दाबलेलं प्रकरण दुसऱ्या मुलाच्या अंगावर जातं.

७. त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा माणसं पडत असतील तर

वर्षभराने वही चाळा. एकाच मालकाकडची माणसं पुन्हा पुन्हा येतायत का? एकाच वस्तीतले आजार? एकाच सावकाराचं कर्ज? मग पट्ट्या बांधण्याच्या जोडीला आणखी एक काम आलं. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आपण सद्गुणी स्त्रीसाठी वाचतो; त्याच अध्यायात त्याआधी, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, अशी आज्ञा आहे.

हे काम लांबणीचं असतं. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेत पहिलं मोठं भाषण केलं १७८९ मध्ये. व्यापारबंदीचा कायदा झाला १८०७ मध्ये. साम्राज्यातल्या बहुतेक भागातली गुलामगिरी रद्द करणारं विधेयक कॉमन्स सभागृहात पार पडलं १८३३ च्या जुलैत आणि तीनच दिवसांनी तो वारला. दरम्यान त्याच्या सोबत्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे: थॉमस क्लार्कसन बंदरोबंदरी फिरून खलाशांच्या जबान्या, बेड्या, अंगठेदाबणी असे पुरावे गोळा करत होता, लोक अर्जांवर सह्या करत होते, आणि स्वतः गुलामगिरी भोगलेला ओलाउदाह इक्वियानो आपली कहाणी लिहून गावोगाव सांगत होता. तुमच्या पातळीवरही क्रम हाच: नोंदी ठेवा, ज्यांनी भोगलंय त्यांची तयारी असेल तर त्यांनाच बोलू द्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इतर धर्मांचे, कुठलाच धर्म न मानणारे लोक त्याच प्रश्नावर आधीपासून झटत असतील तर वेगळं दुकान थाटू नका, त्यांना जाऊन मिळा.

८. सुरुवात किती मोठी करावी

लहान. प्रेषित फेरीवरून परतले तेव्हा येशू त्यांना म्हणाला, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. आठवड्यातला एक दिवस सेवेचा फोन दुसऱ्याकडे द्यायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. चिडचिड व्हायला लागली, दुसऱ्यांचं दुःख ऐकून काहीच वाटेनासं झालं किंवा 'माझ्याशिवाय यांचं होणार नाही' असं वाटायला लागलं, तर दोन आठवडे सुट्टी घ्या.

दोन माणसं, एक घर, सहा आठवडे एवढ्यावर सुरू करा. संस्थेचं नाव, बोधचिन्ह, उद्घाटन यांची गरज नाही. मुदत संपली की त्या घरच्यांना दोन प्रश्न विचारा: कशाचा उपयोग झाला आणि कशाचा त्रास झाला? दुसरा प्रश्न मात्र त्या घरी कधी न गेलेल्या तिसऱ्या कुणाला तरी विचारायला लावा. मदत करणाऱ्याच्या तोंडावर त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही.